२० टीबी, ८ तास आणि तीन उत्तरं: फायबर लिंकचा हिशोब कोणत्या एककात करायचा?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. नेटवर्कच्या कामात येऊन मला दीड वर्ष झालं. लिंकचं नियोजन पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर आलंय आणि सुरुवातीच्याच गुणाकारात अडकलोय.

आमच्या दोन डेटा सेंटरमध्ये ३६ किलोमीटरचं फायबर आहे, सध्या त्यावर १ जीबीपीएसची (सेकंदाला एक गिगाबिट) लिंक चालते. आता रोज रात्रीचा पूर्ण बॅकअप पलीकडे न्यायचा ठरलंय. स्टोरेजवाल्यांचा निरोप एका ओळीचा: "रोज २० टीबी, ८ तासांत."

मी २० टीबीचे २०,००० जीबी केले, ८ ने गुणून १,६०,००० गिगाबिट आणि ८ तासांच्या २८,८०० सेकंदांनी भागून ५.५६ जीबीपीएस काढले. शेजारच्या सहकाऱ्याने १ टीबी म्हणजे १०२४ जीबी धरले, त्याचे आले ५.६९. खात्रीसाठी एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये आकडे घातले, तर तिथे ६.११.

भरीस भर म्हणून जुन्या लिंकवर आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवलं. एकाच ओळीत १० सेकंदांत १.१० गिगाबाइट्स गेल्याचं आणि वेग ९४१ मेगाबिट असल्याचं दिसलं. १.१० ला ८ ने गुणून १० ने भागलं तर ८८० मेगाबिटच भरतात! त्याच लिंकवर फाइल कॉपी केली तर खिडकीत ११२ एमबी दिसतात, म्हणजे ८९६ मेगाबिट. मग खरा वेग कोणता, ९४१, ८८० की ८९६? आणि वरच्या तीन उत्तरांपैकी कोणतं घेऊन पुढे जाऊ?

जुना_तारवाला

कोरी_वही, ९४१, १.१० आणि ११२ हे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि एकाच वेगाचे आहेत. घोडं पेंड खातंय ते गुणाकाराच्या आधी. कोणता आकडा हजाराच्या पटीत मोजलाय आणि कोणता १०२४ च्या, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आयपर्फची सवय अशी की वेग दाखवताना मेगाबिट म्हणजे १०,००,००० बिट, पण किती डेटा गेला हे दाखवताना गिगाबाइट म्हणजे १०२४ चा घन, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. एकाच ओळीत दोन मोजपट्ट्या. ९४१ मेगाबिटच्या वेगाने १० सेकंदांत १.१७६ अब्ज बाइट जातात. ते १.०७३७ ने भागा: १.०९५. आयपर्फ तेच १.१० करून छापतं. तुमची कॉपीची खिडकी एमबी लिहिते, पण मोजते १०,४८,५७६ बाइटचा. ११२.२ ला त्याने आणि मग ८ ने गुणा, पुन्हा ९४१ वर याल.

आता तुमची तीन उत्तरं. ५.५६ बरोबर आहे, जर स्टोरेजवाल्यांचा टीबी हजाराच्या पटीतला असेल तर. ६.११ बरोबर आहे, जर तो १०२४ च्या पटीतला असेल तर. आणि ५.६९ दोन्ही परिस्थितींत चूक आहे. तुमच्या सहकाऱ्याने २० ला १०२४ ने गुणून २०,४८० गिबिबाइट (१०२४ च्या पटीतले गिगाबाइट) काढले, ८ ने गुणून गिबिबिट काढले, सेकंदांनी भागलं आणि उत्तरापुढे जीबीपीएस लिहिलं. ते ५.६९ गिबिबिट प्रति सेकंद आहेत. त्यांना १.०७३७ ने गुणा, ६.११ येतील. ही चूक फार लोक करतात, कारण १०२४ वापरल्यामुळे आपण जास्त काटेकोर झालो असं वाटतं.

गिबि, मेबि, टेबि ही नावं आयईसी या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने १९९८ मध्ये दिली, ती नेमकी हा घोळ मिटावा म्हणून. बोलताना कोणी वापरत नाही, ठीक. पण कागदावर आणलीच पाहिजेत. अंतर प्रत्येक पायरीला वाढत जातं: किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १०. मेगाबाइटच्या काळात हा फरक खपून जायचा. टेराबाइटच्या काळात तो तुमच्या लिंकचा दहावा हिस्सा आहे.

नेटवर्कच्या बाजूला मात्र कुठेही १०२४ नाही. १ जीबीपीएस म्हणजे सेकंदाला एक अब्ज बिट, पुढेमागे काही नाही. आधी स्टोरेजवाल्यांना गाठा आणि त्यांचा टीबी कोणता ते विचारा. तोंडी नको, त्यांच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते स्वतः बघा.

रात्रपाळी

इतक्या खोलात कशाला जायचं? मी बाइटला ८ ऐवजी १० ने गुणतो. हेडर (डेटासोबत जाणारी पत्त्याची माहिती), वरखर्च, १०२४ चा घोळ, सगळं त्यात झाकलं जातं. बारा वर्षं याच हिशोबावर लिंक टाकल्यात, एकही कमी पडली नाही.

काचतंतू

रात्रपाळी, फोनवर कोणी विचारलं तर मीही १० नेच गुणते. नियोजनाच्या कागदावर मात्र तो गुणाकार मला चालत नाही, कारण सगळं झाकलं जातं हेच त्यातलं दुखणं आहे.

याच उदाहरणात बघा. टीबी हजाराच्या पटीतला असेल तर १० ने गुणून ६.९४ जीबीपीएस येतात. आयपीचा खरा वरखर्च धरून हिशोब केला तर ५.९० लागतात. म्हणजे १८ टक्के सवलत ठेवली गेली, आणि कोणासाठी ते कुठेच लिहिलं नाही. मग कागद पुढच्या टेबलावर जातो, तिथे "वाढीसाठी ३० टक्के" मिळवले जातात. त्याच्या पुढच्या टेबलावर "सुरक्षितता" म्हणून आणखी २५. सहा जीबीपीएसच्या गरजेला ११ ची मागणी तयार होते आणि १० च्या पोर्टवर भागलं असतं तिथे सगळी सामग्री बदलायची चर्चा सुरू होते. उलट टीबी १०२४ चा निघाला, तर त्या १८ टक्क्यांतले १० आधीच गेलेले असतात आणि आपण अजून सवलत आहे असं समजून चालतो.

वरखर्च मोजायला अवघड नाही, एकदा हाताने करून बघा. इथरनेटच्या साध्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या एका पाकिटात, १५०० बाइटचा माल असतो. त्याला १४ बाइटचं हेडर, शेवटी चूक ओळखायचा ४ बाइटचा चेकसम, फ्रेमच्या आधी सुरुवातीची खूण म्हणून ८ बाइटचं प्रिअँबल आणि दोन फ्रेमच्या मध्ये १२ बाइटइतकी मोकळी जागा. तारेवर एका फ्रेमची जागा झाली १५३८ बाइट. आतल्या १५०० मधून आयपीचे २०, टीसीपीचे (डेटा पोचला की नाही बघणाऱ्या नियमांचे) २० आणि टाइमस्टँपचे १२ वजा करा, उरले १४४८. १४४८ भागिले १५३८ म्हणजे ०.९४१५.

आता कोरी_वहीची आयपर्फची ओळ परत वाचा: ९४१. लिंक अगदी ठणठणीत आहे, तिच्यात एक बिटही वाया जात नाहीये. मला हा आकडा पहिल्यांदा असा जुळलेला दिसला तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण तोवर मी ते ५९ मेगाबिट कुठे गळतात हे केबलमध्ये शोधत बसले होते.

जंबो फ्रेम, म्हणजे ९००० बाइटच्या, दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक स्विचवर चालत असतील तर हाच आकडा ०.९९ होतो. मधला एक जरी स्विच नाही म्हणाला तर मात्र रात्री दोन वाजता उठावं लागतं.

सातवा_थर

वाचनखूण साठवली. एक भर घालतो. मराठीत लिहिताना आपली अडचण आणखी वाढते. रोमन लिपीत निदान लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट एवढी खूण असते. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे 'एमबीपीएस' वाचून मेगाबिट की मेगाबाइट हे कळायला मार्गच नाही. मी मराठी टिपणांत संक्षेप सोडून दिलेत. मेगाबिट, मेगाबाइट, गिबिबाइट असं पूर्ण लिहितो. चार अक्षरं जास्त पडतात, पण वर्षभराने स्वतःचंच टिपण वाचताना अडत नाही.

कोरी_वही

स्टोरेजच्या खोलीत जाऊन आलो. स्क्रीनवर २०.० च्या पुढे बारीक अक्षरांत टेबिबाइटची खूण आहे! निरोपात ती गळून नुसतं टीबी झालं होतं. म्हणजे ६.११ वालं उत्तर.

आणखी एक गोष्ट कळली, ती मी विचारलीच नव्हती. त्या ८ तासांत सुरुवातीचा स्नॅपशॉट आणि शेवटची पडताळणी धरलेली आहे. तारेवरून डेटा जायला प्रत्यक्षात साडेसहा तासच मिळतात.

त्यामुळे पुन्हा मांडलं. २० टेबिबाइट म्हणजे २,१९,९०,२३,२५,५५,५२० बाइट. बिट केले तर १७५.९ टेराबिट. साडेसहा तासांचे २३,४०० सेकंद. भागाकार ७.५२ जीबीपीएस. काचतंतू यांच्या ०.९४१५ ने भागलं की तारेवर ७.९९. बरोबर आहे का? असेल तर १० जीबीपीएसची लिंक पुरते.

जुना_तारवाला

हिशोब चोख आहे. ५.५६ पासून ७.९९ पर्यंतचा प्रवास बघा. बॅकअप तेवढाच आहे, फक्त प्रत्येक आकड्याला आपण तू नक्की कोण असं विचारलं.

पण पुरते म्हणायच्या आधी एक गोष्ट तपासा. बॅकअपचं सॉफ्टवेअर एका वेळी किती सेशन (टीसीपी जोडण्या) उघडतं, आणि त्याची टीसीपी विंडो केवढी आहे?

काचेचा अपवर्तनांक साधारण १.४६८ असतो, म्हणून फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २,०४,००० किलोमीटर जातो, किलोमीटरला ४.९ मायक्रोसेकंद. तुमचे ३६ किलोमीटर जाऊन येऊन ३५३ मायक्रोसेकंद. उपकरणांचा वेळ धरून ०.४ मिलिसेकंद म्हणू. टीसीपी एक विंडोभर डेटा पाठवतं आणि पोच येईपर्यंत थांबतं. मूळ टीसीपीत विंडोचा आकडा १६ बिटांत बसवलेला, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. बिट झाले ५,२४,२८०. दर ०.४ मिलिसेकंदाला एवढेच जाणार. भागा: १.३१ जीबीपीएस. पोर्ट १० चा असो की १०० चा, एक सेशन याच्या वर जाणार नाही.

यावर विंडो स्केलिंगचा उपाय १९९२ पासून आहे आणि आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम तो आपोआप वापरतात. बॅकअपच्या काही उपकरणांत मात्र विंडो कोणीतरी पक्की बांधून ठेवलेली असते. तुमच्या लिंकला १० जीबीपीएसवर भरून ठेवायला ५,००,००० बाइट हवेत सतत वाटेत असायला. हा आकडा म्हणजे वेग गुणिले फेरीचा वेळ, आणि इथेही बिटचे बाइट करताना ८ विसरणारे खूप भेटतात.

गच्चीवरचा

थोडा वेगळा प्रश्न, नवा धागा काढावा का कळत नव्हतं. मी घरगुती फायबरच्या बाजूला आहे, जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत. ओएलटीच्या (आमच्या टोकाच्या उपकरणाच्या) एका पोर्टचा डाउनस्ट्रीम, म्हणजे घरांकडे जाणारा वेग, २.४८८ जीबीपीएस लिहितात. हा असा विचित्र आकडा का? सरळ अडीच का नाही? आणि ६४ घरांना भागला तर एकेका घराला ३८.८८ मेगाबिटच येतात, मग १०० मेगाबिटची जोडणी कशी देतात?

काचतंतू

हा प्रश्न इथेच राहू द्या, याच कुळातला आहे.

आकडा टेलिफोनच्या काळातून आलाय. आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा आणि दर वेळी ८ बिटांत लिहायचा, म्हणजे ६४,००० बिट प्रति सेकंद. एक फोन. पुढे एसडीएच ही फायबरवरून फोन वाहायची पद्धत आली तेव्हा त्याच तालावर, सेकंदाला ८००० फ्रेम अशी रचना केली. मूळ फ्रेम, एसटीएम-१, ९ ओळी आणि २७० स्तंभांची, प्रत्येक घरात एक बाइट. ९ गुणिले २७० गुणिले ८ गुणिले ८००० करा: १५,५५,२०,०००. झाले १५५.५२ मेगाबिट. त्याची १६ पट २४८८.३२ आणि ६४ पट ९९५३.२८. जीपॉनने २४८८.३२ घेतला, त्याच्या पुढच्या पिढीने, एक्सजीएस-पॉनने, ९९५३.२८. अडीच आणि दहा ही आपली बोलायची नावं.

जाता जाता एक सापळा. ई-१ या जुन्या टेलिफोन लिंकचा वेग २.०४८ मेगाबिट असतो. २०४८ बघितलं की हात आपोआप १०२४ कडे जातो. इथे त्याचा काही संबंध नाही. ३२ चॅनेल गुणिले ६४,००० एवढंच ते आहे, शुद्ध दशमान. एकाने ई-१ चे २०४८ किलोबिट १०२४ ने भागून बरोबर २ काढलेले मी पाहिलेत, आणि उत्तर पूर्णांक आलं म्हणून त्याला ते बरोबर वाटलं होतं.

६४ ने भागण्याबद्दल: सगळी ६४ घरं एकाच सेकंदाला पूर्ण वेगाने ओढतील असं धरलं तरच ३८.८८ येतात. प्रत्यक्षात पान उघडतं, व्हिडिओचा तुकडा उतरतो आणि मग काही सेकंद शांतता असते. म्हणून पोर्टवर विकलेली बेरीज क्षमतेपेक्षा मोठी असू शकते. ती किती मोठी असावी हे भागाकार सांगत नाही, गर्दीच्या तासाचं मोजमाप सांगतं. ओएलटीचे १६ पोर्ट असतील तर २.४८८ ने गुणून ३९.८ जीबीपीएस येतात आणि मागे मुख्य नेटवर्ककडे जाणारे दोन १० चे अपलिंक असले तर सगळे पोर्ट भरल्यावर दोनास एक असं प्रमाण पडतं. हे बरं की वाईट ते आलेख बघून ठरवा.

एक्सजीएस-पॉन घेणार असाल तर ९.९५३ सगळेच्या सगळे वापरता येतील असं धरू नका. त्यात चूक दुरुस्तीचे बिट नेहमी सोबत जातात, दर २४८ बाइटमध्ये २१६ कामाचे. त्यामुळे ८.६७ च्या आसपास उरतात, त्यातूनही फ्रेमचा खर्च जायचाच.

रात्रपाळी

आलेख बघून ठरवा हे वाचून माझा अनुभव सांगायलाच हवा.

एका जागी अपलिंकचा आलेख रोज संध्याकाळी सातनंतर खाली यायचा. दिवसभर चढत चढत ११० मेगाबिटला टेकायचा आणि गर्दीची वेळ झाली की घसरून ४०, कधी ६०, कधी ८५. तक्रारी मात्र नेमक्या त्याच वेळी वाढायच्या. वापर कमी झाला असताना स्पीड का पडतो हे शोधण्यात आठवडा गेला. ऑप्टिक बदललं, पॅचकॉर्ड पुसल्या, पुन्हा बदलल्या.

शेवटी आमच्यातल्या एकीने पोर्टचा कच्चा काउंटर कागदावर उतरवायला सुरुवात केली, दर मिनिटाला एक आकडा. आठव्या ओळीला आकडा आधीच्यापेक्षा लहान आला. पुढे सहाव्या ओळीला पुन्हा. आलेखाचं सॉफ्टवेअर ३२ बिटांचा जुना काउंटर वाचत होतं. तो बाइट मोजतो आणि ४,२९,४९,६७,२९६ झाले की शून्यावर येतो. आलेख दर पाच मिनिटांनी वाचायचा. ४.२९ अब्ज बाइट गुणिले ८ भागिले ३०० सेकंद म्हणजे ११४.५ मेगाबिट. त्याच्या वर गेलं की काउंटर पाच मिनिटांत एक पूर्ण फेरी मारून पुढे गेलेला असायचा आणि सॉफ्टवेअरला ती फेरी दिसायचीच नाही. खरे २०० मेगाबिट चालू असले की आलेखात ८५ उमटायचे. १ जीबीपीएसवर हा काउंटर ३४ सेकंदांत भरतो, १० जीबीपीएसवर साडेतीन सेकंदही लागत नाहीत. ६४ बिटांचा काउंटर लावला आणि त्याच संध्याकाळी आलेख २३० वर गेला.

काचतंतू, १० ने गुणण्याबद्दल तुमचं म्हणणं पटलं. मी ते फोनपुरतं ठेवीन. त्या आठवड्यातही आम्ही सगळे आलेख मेगाबिट दाखवतो एवढंच बघत होतो, तो मुळात बाइट मोजतो आणि किती बाइटपर्यंत मोजतो हे कोणी विचारलं नव्हतं.

पाऊलखुणा

माझं काम कराराच्या बाजूचं, मासिक डेटाच्या आकड्यांवरून लिंक ठरवायची. त्यासाठी एकच ओळ पाठ केली आहे: १ मेगाबिटचा वेग दिवसभर सलग चालला तर १०.८ गिगाबाइट होतात. म्हणून १ जीबीपीएसचे दिवसाला १०.८ टेराबाइट, तासाला ४५० गिगाबाइट, ३० दिवसांचे ३२४ टेराबाइट. उलट बाजूने दिवसाला १ टेराबाइट म्हणजे सरासरी ९२.६ मेगाबिट.

यातला सरासरी हा शब्द फार महत्त्वाचा. एका कार्यालयाचा डेटा दिवसाला १ टेराबाइट होता म्हणून १०० मेगाबिटची लिंक सुचवली गेली. तो सगळा डेटा कामाच्या नऊ तासांत जायचा, म्हणजे सरासरीच २४७ मेगाबिट, आणि सकाळी दहाची धार त्याहून कितीतरी वर. एकक बरोबर बदललं होतं, वेळ चुकीची घेतली होती. २४ तासांनी भागण्याआधी डेटा खरंच २४ तास वाहतो का, हे विचारा.

गच्चीवरचा

काचतंतू, मनापासून आभार. २७० गुणिले ९ हाताने करून बघितलं, जुळलं. आणखी एक विचारतो. मोठ्या रिंगवाले सांगतात की ५० गिगाहर्ट्झच्या एका लॅम्डावर, म्हणजे प्रकाशाच्या एका रंगावर, १०० जीबीपीएस जातात. ५० मध्ये १०० कसे मावतात?

जुना_तारवाला

गिगाहर्ट्झ आणि गिगाबिट ही वेगळी राशी आहे, एकातून दुसरीत सरळ जाता येत नाही. ५० गिगाहर्ट्झ ही लॅम्डाला मिळालेली वाट, किती रुंद ते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास ती ०.४ नॅनोमीटर भरते. त्या वाटेवरून सेकंदाला किती चिन्हं जातात तो बॉड. आणि प्रत्येक चिन्हात किती बिट भरले त्यावर बिटचा वेग.

१०० जीबीपीएसच्या कोहेरंट लिंकमध्ये एका चिन्हात २ बिट असतात आणि प्रकाशाच्या दोन ध्रुवणांवर दोन वेगळे प्रवाह, म्हणजे ४ बिट. डेटाभोवतीच्या ओटीयू-४ या आवरणाचा चूक दुरुस्तीसकट वेग १११.८ जीबीपीएस. ४ ने भागला की सुमारे २८ गिगाबॉड. ते ५० गिगाहर्ट्झच्या वाटेत आरामात बसतात. बँडविड्थ हा एकच शब्द आपण दोन्हीसाठी वापरतो, म्हणून हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

डीडब्ल्यूडीएमवर, म्हणजे एकाच फायबरवर अनेक लॅम्डा चालतात तिथे, १० जीबीपीएस मागताना हेही सांगावं लागतं की कोणते १०. इथरनेटचे १० गिगाबिट तारेवर १०.३१२५ होतात, कारण दर ६४ बिटांना २ बिट कोडिंगचे लागतात. एसटीएम-६४ मात्र ९.९५३. ओटीयू-२ हे आवरण ९.९५३ साठी शिवलेलं, १०.७०९ चं. त्यात १०.३१२५ जसेच्या तसे घालायला गेलं तर बसत नाहीत, त्याला ११.०९६ चं ओटीयू-२ई लागतं. मागणीपत्रात नुसतं '१० जी' लिहिलं आणि दोन टोकांना दोन वेगळी कार्डं आली, असं मी स्वतः उभा राहून पाहिलंय. दोन्ही कार्डांवर '१० जी' छापलेलं होतं.

कोरी_वही

चार दिवसांनी परत आलोय. बॅकअपच्या उपकरणात विंडो खरंच ६४ किबिबाइटवर बांधलेली निघाली. काल रात्री एका सेशनची चाचणी घेतली, नव्या १० च्या पोर्टवर. १.२८ जीबीपीएस. तारवाला काकांनी १.३१ सांगितले होते, प्रत्यक्ष फेरीचा वेळ ०.४१ मिलिसेकंद निघाला. हिशोब आणि यंत्र इतकं जवळ आलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

विंडो बदलायची परवानगी मिळायला वेळ लागेल, तोवर आठ सेशन चालवायचे ठरवलंय. एकूण ७.५२ मधून प्रत्येकाच्या वाट्याला ०.९४ जीबीपीएस येतात, १.२८ च्या मर्यादेत. एकाच वाटेवर भिस्त नको म्हणून १० च्या दोन लिंक मागतोय आणि दुसरीसाठी वेगळ्या वाटेने फायबर. ती वाट ४८ किलोमीटरची आहे, फेरी ०.४७ मिलिसेकंदांच्या वर, तरी एका सेशनला १ जीबीपीएसच्या आसपास मिळतात. सेशन दोन लिंकवर चार-चारच वाटले जातील असं नाही, पाच-तीनही होतील हे माहीत आहे. पण सगळे आठ एकाच लिंकवर आले, किंवा एक वाट तुटली, तरी ७.९९ दहामध्ये बसतात आणि बॅकअप सकाळपर्यंत संपतो. डेटा सव्वापट झाला की हे खरं राहणार नाही, २५ टेबिबाइटला एका लिंकवर ९.९८ लागतील. तोपर्यंत जंबो फ्रेम लावल्या तर थोडी उसंत मिळेल, म्हणून मधल्या स्विचची यादी करायला घेतलीय.

कागदावर प्रत्येक आकड्याशेजारी दोन रकाने केलेत. एकात एकक, पूर्ण शब्दात, सातवा_थर म्हणाले तसं. दुसऱ्यात हा आकडा कुठे मोजलाय ते: डिस्कवर, टीसीपीच्या आत की तारेवर. स्टोरेजवाल्यांनी तो कागद मागून घेतला. उद्या त्यांच्या निरोपाच्या नमुन्यात टेबिबाइट हा शब्द छापला जाणार आहे.

काचतंतू

जंबो लावण्याआधी दोन्ही टोकांमध्ये ८९७२ बाइटचा पिंग (चाचणीचा निरोप) 'तुकडे करू नका' असं सांगून पाठवा. आयपीचे २० आणि पिंगच्या हेडरचे ८ मिळून ९००० होतात. दोन्ही वाटांवरून वेगवेगळा पाठवा. ४८ किलोमीटरच्या वाटेवर कोणता स्विच आहे ते आधी बघून घ्या.

कोरी_वही

पाठवला. ३६ च्या वाटेवरून गेला. ४८ च्या वाटेवर तिसऱ्या स्विचपाशी अडला. यादीत त्याच्यापुढे खूण केली आहे.